कुलूपबंद लॅपटॉप

शाळेच्या लॅपटॉपवर काही नवं टाकायला गेलं, की ॲडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट उभी राहते. सातपुड्यातल्या धडगावची पोरं तिला घाबरत नाहीत. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे गेम त्यांना बरोबर सापडतात. इथे नेट गेलं की क्रोममधला डायनासोर तर हक्काचाच! गूगलने तो २०१४ साली आणला. शाळाशाळांतून मुलं त्यातच रमू लागली, तेव्हा तो बंद करायची सोयही द्यावी लागली.

कुलूप मला मान्य आहे. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो, आणि एक लॅपटॉप बिघडला तर दुरुस्तीसाठी सातपुडा उतरावा लागतो. पण पळवाट शोधताना पोरं फाइल, फोल्डर, परवानग्या जेवढ्या शिकतात, तेवढ्या माझ्या तासाला शिकत नाहीत. हेच शिकणं पळवाटेशिवायही होऊ शकतं: एमआयटीने २००७मध्ये खुलं केलेलं स्क्रॅच हे मुलांसाठीचं प्रोग्रामिंगचं साधन नेटशिवायही चालतं, आणि त्यात गेम खेळण्याआधी तो स्वतः रचावा लागतो. ज्यांच्या हाती पासवर्ड आहे त्यांना एवढंच सांगणं: कुलूप राहू द्या, पण लावण्याआधी आत स्क्रॅच टाका.