निदान

वस्तू जुनी झाली, की तिच्याविषयी घरात दोन मते पडतात. एक मत म्हणते, "हिचा काळ संपला, टाकून द्या." दुसरे म्हणते, "जुने ते सोने. राहू द्या कोपऱ्यात." पहिल्या मताला घाई असते, दुसऱ्याला आळस. या वस्तूचे नेमके बिघडले तरी काय, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. वास्तविक जुन्या वस्तूला न्याय मिळावयाचा, तर तो याच एका प्रश्नातून मिळतो.

माणदेशातील एका खेड्यात राहणाऱ्या निवृत्त गुरुजींच्या लॅपटॉपवर हीच पाळी आली. माणदेश हा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा मुलूख. तेथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. म्हणून त्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. गुरुजींनी १९९१ सालापासून तो ठेवला होता. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या ठरलेल्या वेळीच, ते शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकापाशी जात, आदल्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत आणि वहीत लिहीत. २०१३ साली त्यांनी लॅपटॉप घेतला आणि जुन्या वह्यांतील सारे आकडे, प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल करून, त्यात उतरविले. पुढे त्या वह्या वाळवीने खाल्ल्या. तेव्हापासून गावचा मागचा सारा पाऊस त्या एका काळ्या पेटीत साठलेला होता.

हा केवळ छंद नव्हता. ऑक्टोबरात ग्रामसभा भरे आणि पाण्याचा ताळेबंद मांडी. यंदा किती पडला, असा पाऊस पूर्वी कोणत्या वर्षी पडला होता, तेव्हा विहिरी कोणत्या महिन्यापर्यंत पुरल्या, हे पाहून गाव रब्बीचे पीक ठरवी. गुरुजींच्या आकड्यांवर कित्येक घरांची भाकरी अवलंबून असे.

२०२४ सालच्या सप्टेंबरात लॅपटॉपने दगा दिला. कधी तो सुरूच होईना. कधी सुरू होऊन दहा मिनिटांत विझे. कधी दिवे लागत, पण पडदा काळाच राही. पहिल्या दुकानदाराने झाकण न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. नवा घ्या." गुरुजींनी लॅपटॉप पिशवीत घातला, सातवीत शिकणाऱ्या नातीला बरोबर घेतले आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील एका लहानशा दुकानाची पायरी चढले.

या दुकानातील कारागिराचे वडील रेडिओ दुरुस्त करीत असत. त्यांची लाकडी हत्यारपेटी अजून तेथे होती आणि त्यांचा एक नियमही तेथे पाळला जात होता : आधी विचारावे, मग पाहावे, शेवटी उघडावे.

कारागिराने लॅपटॉपला हात लावला नाही. त्याने गुरुजींनाच प्रश्न विचारावयास सुरुवात केली. बंद पडतो तो किती वेळाने? तेव्हा तळ गरम लागतो काय? आतून काही आवाज येतो काय? घड्याळ बरोबर असते काय?

"घड्याळ नेहमी मागेच असतं, काका," नात म्हणाली. "चालू केलं की दर वेळी दहा-अकरा वर्षांपूर्वीची एक जानेवारी दाखवतं."

"आणि टक् टक् असा आवाज येतो," गुरुजींनी भर घातली.

कारागिराने हे सारे एका कागदावर लिहून घेतले. वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याची हकिकत ऐकून घेतो, त्याचेच हे अनुकरण होते. मग त्याने चार्जरच्या टोकाला मल्टीमीटर लावला. काटेकोर १९ व्होल्ट दिसले. त्याने वायर पिनेजवळ थोडी वाकविली, आणि आकडा एकदम शून्यावर आला. वायर आतून तुटलेली होती. सरळ असली म्हणजे टोके भेटत, वाकली म्हणजे ताटातूट होई.

"म्हणजे सापडला दोष!" नात आनंदाने म्हणाली.

"एक सापडला, बाळ," कारागीर हसून म्हणाला. "एक सापडला म्हणजे दुसरा नाही, असं थोडंच आहे? या वायरीमुळं लॅपटॉप सुरू होत नसेल. पण पडदा काळा राहतो, तो कशानं?"

लॅपटॉप उलटा करताच दुसरा दोष डोळ्यांनीच दिसला. बॅटरी पुरीसारखी फुगली होती. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, की तिच्यात कधीकधी वायू साचतो. तिला टोचले वा दाबले, तर ती पेट घेऊ शकते. कारागिराने ती हलक्या हाताने सोडविली आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बाजूला ठेवली.

आता तो लॅपटॉप सुरू करील, असे नातीला वाटले होते. परंतु त्याने तसे केले नाही. कागदावरील "टक् टक्" या शब्दांवर त्याने बोट ठेवले. हा आवाज हार्ड डिस्कचा. तिच्या आत एक गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि आकडे वाचणारी दांडी तिच्यावरून, तिला स्पर्श न करता, तरंगत असते. दोहोंतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अशी डिस्क टकटक करू लागली, की तिचे दिवस भरत आल्याची ती खूण असते.

"घराला आग लागली, तर आधी माणसं बाहेर काढायची, कौलं नंतर शाकारायची," तो म्हणाला. "लॅपटॉप पुन्हा मिळेल, गुरुजी. पाऊस पुन्हा मिळायचा नाही."

त्याने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिची नक्कल एका नव्या डिस्कवर उतरवू लागला. जे भाग सहज वाचता येत होते, ते त्याने आधी उतरवून घेतले. जे अडत होते, ते सोडून पुढे गेला आणि अखेरीस त्यांच्याकडे परतला. आजारी डिस्कला कमीत कमी श्रम पडावेत, हा त्यातील हेतू. काम रात्रभर चालणार होते. गुरुजी आणि नात मुक्कामाला तालुक्यातील एका नातलगाकडे गेले. त्या रात्री गुरुजींना झोप लागली असेल, असे वाटत नाही.

सकाळी तेहतीस फाइलींपैकी बत्तीस सुखरूप उघडल्या. २००७ सालची फाइल मात्र उघडेना. कारागिराने तिच्यावर आणखी तीन तास खर्च केले. पण डिस्कचा नेमका तेवढाच भाग निकामी झाला होता. त्याने मान खाली घालून तसे सांगितले.

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. नात म्हणाली, "आजोबा, त्या वर्षीचा पाऊस तुम्हाला थोडा तरी आठवत असेल. शेजारच्या दोन वर्षांची सरासरी काढून भरून टाकू या."

"नको, बाळ," गुरुजी म्हणाले. "मोजलेला असतो तो पाऊस. अंदाजानं लिहिलेला असतो तो नुसता आकडा. ती जागा कोरीच राहू दे."

कारागिराने वर पाहिले. त्याच्या वडिलांच्या दुकानातही, न तपासलेला दोष कोणत्याही भागाच्या माथी मारावयाचा नाही, अशीच रीत होती. दोन निरनिराळ्या धंद्यांतील माणसे एकाच शाळेत शिकल्यासारखी त्या क्षणी एकमेकांकडे पाहत होती.

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. नवी डिस्क बसविली, दुसरा चार्जर लावला. दिवे लागले, परंतु पडदा काळाच. लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. काम चालू असताना यंत्र आपली तात्पुरती आठवण ज्यात ठेवते, ती ही रॅम. कारागिराने दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकच लावून पाहिली, पडदा काळा. ती काढून त्याच जागी दुसरी लावली, पडदा उजळला.

"पहिली पट्टी खराब!" नात म्हणाली.

"तसं दिसतं खरं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी नको." असे म्हणून त्याने नातीच्या दप्तरातील खोडरबर मागून घेतले. पहिल्या पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती. तिच्यावर मळाची पुटे चढली होती. त्याने ती हलकेच पुसली आणि पट्टी पुन्हा त्याच जागी बसविली. पडदा उजळला. पट्टी चांगली होती, जागाही चांगली होती. दोघींच्या मध्ये मळ तेवढा वाईट होता. ज्या मदरबोर्डला पहिल्या दुकानात फाशीची शिक्षा झाली होती, तो निर्दोष सुटला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार एका खोडरबराने टळला.

यानंतर दहा मिनिटांत विझण्याचे कारण उरले. पंख्याचे झाकण काढताच, खळ्यावरच्या धुळीचा नमद्यासारखा जाड थर निघाला. त्या थरात एका वाळलेल्या पतंगाचे पंख होते. ते पाहून कारागिराने एक हकिकत सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क २ नावाचे खोलीएवढे गणकयंत्र अडले. शोध घेता घेता त्याच्या एका विद्युत-कळीत पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत डकविला आणि शेजारी त्याची नोंद केली. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. यंत्रातील दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, असे पूर्वीपासूनच म्हणत. त्या दिवशी मात्र खराखुरा किडा हाती लागला. दोष सापडला, तेव्हा त्यांनी तो नुसता दूर केला नाही; तो लिहून ठेवला.

धूळ निघाल्यावर त्याने प्रोसेसरवरील वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारा तांब्याचा भाग एकमेकांना चिकटलेले दिसतात. तरी त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या असतात. त्यांत हवा राहिली, तर उष्णता अडते, कारण हवा उष्णतेची मंदवाहक आहे. पेस्ट त्या पोकळ्या भरून काढते. उष्णता साठत जाऊन सुमारे शंभर अंश सेल्सिअसला पोचली, की प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र आपण होऊन बंद होते. म्हणजे ज्याला सर्वांनी लॅपटॉपचा दोष मानले होते, तो त्याचा शहाणपणा होता. थकलेला माणूस खाली बसतो, तेव्हा बसणे हा त्याचा रोग नसतो.

शेवटी त्याने घड्याळाची नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी बदलली. यंत्र बंद असतानाही वेळ चालू ठेवणारी ती बॅटरी संपली होती. म्हणून बिचाऱ्या लॅपटॉपला दर वेळी आपला जन्मकाळच काय तो आठवे.

बिजागरी करकरत होती, दोन कळांवरची अक्षरे पुसली गेली होती. ती त्याने तशीच ठेवली. म्हातारपण हा काही दोष नव्हे. बिलाच्या पाठीमागे मात्र त्याने सहा ओळी लिहून दिल्या : कोणता दोष, कोणत्या परीक्षेने सापडला आणि काय केले. फुगलेली बॅटरी आणि जुनी डिस्क ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठविण्यासाठी त्याने ठेवून घेतल्या. अशा कचऱ्याचे जगातील ओझे २०२२ साली ६ कोटी २० लाख टन भरले आणि त्यातील चौथा हिस्सासुद्धा रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. त्या ढिगाऱ्यात, केवळ मळ पुसला असता तर चालली असती, अशी यंत्रे किती असतील!

ऑक्टोबरात ग्रामसभा भरली. देवळाच्या भिंतीवर नातीने काढलेला पावसाचा तक्ता लावला होता. तेहतीस वर्षांचे तेहतीस रकाने. त्यांतील बत्तिसांत निळे खांब उभे होते. २००७च्या रकान्यात खांब नव्हता. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते, 'नोंद वाचता आली नाही.' कोणीतरी विचारले, "गुरुजी, हे बोडकं दिसतं. काहीतरी भरायचं की!" गुरुजींनी नातीकडे पाहिले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "जे ठाऊक नाही, ते कोरं ठेवलंय, म्हणून बाकीचं खरं आहे, असं समजावं." सभेत क्षणभर शांतता पसरली, आणि मग हरभरा किती एकर, ज्वारी किती एकर, याची चर्चा त्या बत्तीस खांबांच्या आधाराने सुरू झाली.

आता त्या आकड्यांच्या तीन नकला आहेत : एक लॅपटॉपमध्ये, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या कपाटात. सकाळी साडेआठ वाजता गुरुजी पर्जन्यमापकापाशी जातात, तेव्हा नातही दप्तर पाठीला लावून त्यांच्याबरोबर असते. पाऊस झाला असेल, तर ती तो मोजते. झाला नसेल, तर वहीत शून्य लिहिते. शून्यदेखील मोजूनच लिहावयाचे असते.