मामाची बंदूक आणि तेलाच्या पाच बाटल्या

‘तेल ते तेल, त्यात काय एवढं?’ हा आपला राष्ट्रीय बाणा आहे. दार कुरकुरलं, ओता खोबरेल. कुलूप अडकलं, मारा डब्ल्यूडी-४०चा फवारा. बाईकची चेन कोरडी पडली, गॅरेजवाल्याकडचं काळं ऑइल आहेच. काम भागतं, आपण खूश! पण एक वस्तू अशी आहे, जिथे हा ‘चलता है’ फंडा चालत नाही. बंदूक.

दचकू नका. मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी साधी मुलगी आहे. माहेर पेणचं, म्हणजे गणपती आणि पापड यांच्या गावचं. बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की माझ्या रोह्याच्या मामाकडे एक आहे. ठासणीची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची.

शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना लगेच गँगस्टरचे सिनेमे आठवतात. प्रत्यक्षात मामाचा शत्रू म्हणजे रानडुक्कर. भात पिकायला आलं की कळप रात्री खाचरात उतरतो आणि खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे मामा बहुतेक वेळा छर्रे न घालता नुसती दारू ठासून बार काढतो. आवाजानेच कळप पळतो. दोन-चार रात्री तरी!

खरी गंमत बारानंतर सुरू होते. ठासणीत वापरतात ती काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती पूर्ण जळत नाही. निम्म्याहून जास्त वजनाची राखच होते. त्यातली जी नळीत उरते, ती हवेतलं पाणी मिठासारखी ओढून घेते. त्यात आपला रायगड जिल्हा! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीवरून येणारा खारा वारा. रात्री बार काढला आणि सकाळी आळस केला, तर नळीला गंज चढायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

म्हणून पहिला नियम : आधी तेल नाही, आधी गरम पाणी. मला हे ऐकून धक्काच बसला होता. लोखंडात पाणी? पण ती राख पाण्यात विरघळते, तेलात नाही. उलट राखेवरच मशिनचं तेल ओतलं तर डांबरासारखा चिकट थर बसतो. मामा आधी गज आत सोडून बघतो. गजावर एक खूण आहे. ती नळीच्या तोंडाशी आली म्हणजे बंदूक रिकामी. मग कढत पाणी, चिंध्या, पुन्हा पाणी, कोरड्या चिंध्या, ऊन. त्यानंतर तेल.

आता मुख्य प्रश्न, कोणतं? गेल्या काही वर्षांत मामाच्या पडवीत आमचं यावर सॉलिड संशोधन झालंय. परवाना मामाचा, म्हणून बंदूक त्याच्या हातात आणि तो शेजारी असल्याशिवाय मी चिंधीसुद्धा लावत नाही. माझ्याकडे बाटल्यांचं खातं!

बाटली पहिली, खोबरेल. घरचं, स्वस्त, आजोबांच्या काळापासूनचं. पण साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. रोह्याच्या डिसेंबरातल्या पहाटे घोड्याच्या स्प्रिंगवर पांढरा लोण्यासारखा थर. शिवाय कुठलंही खाद्यतेल महिनोन्‌महिने हवेत राहिलं की चिकट होतं. तळणीच्या कढईच्या कडेला बसतो ना, तोच थर.

बाटली दुसरी, जवस. हे तेल वाळून त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून लाकडी दस्त्याला उत्तम आणि घोडा-चापाच्या यंत्राला घातक. फक्त एक काळजी : जवसाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

बाटली तिसरी, शिलाई मशिनचं तेल. पातळ, शुद्ध खनिज तेल. चिकटत नाही, वास नाही, कुठल्याही दुकानात मिळतं. मामीच्या मशिनच्या खणातून निघालेली ही बाटली रोजच्या वापरासाठी आमची चॅम्पियन. अडचण एकच, पातळ असल्याने ओघळून जातं. पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा लावावं लागतं.

बाटली चौथी, इंजिन ऑइल. नवं, सीलबंद असेल तर वाईट नाही. त्यात गंजविरोधी रसायनं असतात आणि ते जागेवर टिकतं. धूळ मात्र पकडतं. पण गाडीतून काढलेलं काळं ऑइल? अजिबात नको! त्यात आम्ल असतं, धातूचा कीस असतो आणि ते कातडीलाही घातक.

बाटली पाचवी, डब्ल्यूडी-४०. याचा जन्म १९५३चा, अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा. नावाचा अर्थ ‘वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न’. म्हणजे ते बनलंय पाणी हटवायला, महिनोन्‌महिने राखण करायला नाही. पाण्याने धुतल्यानंतर एक फवारा, पुसा, आणि मग खरं तेल.

कुठलंही तेल वापरा, बार भरण्याआधी ते नळीतून पुसून काढावंच लागतं. तेलाने दारू भिजली तर बार फुसका जातो किंवा उशिरा उडतो. आणि उशिरा उडणारा बार सगळ्यात धोक्याचा, कारण तोपर्यंत माणूस नळीत डोकवायला गेलेला असतो! मामाचा कायदा कडक : बार उडाला नाही तर नळी मोकळ्या रानाकडे धरून पूर्ण मिनिटभर उभं राहायचं.

बंदुकीला कुठलं वंगण, हा प्रश्न तसा ऐतिहासिकच. १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने शिपाई खवळले, हे आपण शाळेत शिकलो. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अखेरीस ‘तुम्हाला हवं ते वंगण स्वतः लावा’ अशी मुभा सरकारने दिली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तोवर विश्वासच गंजला होता. त्याला कुठलं तेल चालणार?

आमच्याकडे खरं टेन्शन आलं २०२४ मध्ये. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी मामाची दोनदा जमा झाली, लोकसभेला आणि विधानसभेला. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. ऐन भात कापणीत! बंदूक ठाण्यात आणि डुकरं शेतात. त्र्याहत्तर वर्षांचा मामा पत्र्याचा डबा घेऊन रात्रभर माळ्यावर बसलेला. जमा करताना नळीला आत-बाहेर इंजिन ऑइलचा जाड हात दिला होता, त्यामुळे ती परत आली तेव्हा ठणठणीत होती. मामा मात्र खंगला होता.

त्या दिवशी पहिल्यांदा तो म्हणाला, ‘‘पोरी, आता माझे हात थरथरतात गं. देऊन टाकू का सरकारला?’’

प्रश्न फक्त लोखंडाचा नव्हता. बंदूक गेली तर डोंगराकडची दोन खाचरं पडीक राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामेभाऊ धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो, त्याने हात वर केले. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसांमध्ये भाची बसत नाही. मुलगी बसते.

माझी मामेबहीण तिथेच भात सडत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘‘शेत मीच बघते ना? मग अर्जही मीच करते.’’ मामा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग उठून आत गेला आणि जुना परवाना पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला.

सध्या तिचा अर्ज अलिबागला आहे. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, पोलीस चौकशी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. होकार येईल की नाही, कुणी सांगावं? पण पुढच्या पावसाळ्याची तयारी म्हणून तिने पेणच्या बाजारातून दोन बाटल्या आणून ठेवल्यात. एक शिलाई मशिनच्या तेलाची आणि एक इंजिन ऑइलची, सीलबंद.