गंजलेला बोल्ट आणि व्यावहारिक मराठी

मराठीच्या प्राध्यापकांनी मोटारीच्या बोल्टवर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. परंतु बोलींचे संकलन म्हणून आपल्याकडे जे केले जाते त्यात औत, मोट, जाते, ओव्या असतात, गॅरेज नसते. जुन्नर-आंबेगावात आमच्या वर्गातून उठून पाना हातात घेणारी मुले थोडी नाहीत. त्यांची भाषा मात्र आमच्या अभ्यासाच्या कक्षेत आलेली नाही.

आम्हा दोघा सहकाऱ्यांची एक जुनी, सामाईक गाडी आहे. घोडेगाव, डिंभे, पुढे भीमाशंकर असा तिचा नेहमीचा फेरा. मंचर-नारायणगावच्या बाजूला पाऊस बेताचा. सह्याद्रीकडे सरकावे तसा तो अंगावर येतो. चार महिने गाडीचा तळ चिखलात भिजत राहतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. बोल्ट आणि त्याभोवतीची नळी यांच्यात जी केसाएवढी फट असते ती गंजाने भरली, की दोन्ही मिळून एकच लोखंड होते. कारागीर याला ‘जाम झाला’ म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात पुढच्या चाकाखालून ‘खट् खट्’ आवाज येऊ लागला. गॅरेजातला मेस्त्री आमचाच माजी विद्यार्थी निघाला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने शिक्षण सोडले होते. वर्गात त्याने तोंड उघडल्याचे आम्हांला आठवत नाही. त्याने गाडी जॅकवर उचलली, जॅक सरकलाच तर म्हणून खाली लोखंडी घोडे लावले आणि लोअर आर्मच्या बोल्टला रिंग पाना घातला. पाना थोडा फिरे आणि हात सैल केला की मागे येई.

“सर, हा फिरत नाही, पीळ खातोय,” तो म्हणाला. “बोल्ट आतल्या नळीला धरलाय. आपण फिरवतो ते बुशाचं रबर.”

पुढचा तासभर तो काम करीत होता आणि न विचारता सांगत होता. आधी तारेच्या ब्रशाने आटे साफ करायचे; नाहीतर सुटलेला नट त्याच कचऱ्यात पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारे तेल मारायचे आणि त्याला मुरायला वेळ द्यायचा. डोक्यावर हातोडीने हलके ठोकायचे, म्हणजे तेल आत वाट काढते. सोडवण्यापूर्वी किंचित आवळायचे. गंजाचा पापुद्रा तुटतो. मग पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. पान्याला लांब पाईप लावला की जोर वाढतो, पण बोल्ट कधी तुटणार ते हाताला कळेनासे होते. गॅसने तापवावे तर शेजारी रबर आणि ब्रेकची नळी. इतके करूनही बोल्ट तुटला. तो चिडला नाही. बुशाच्या दोन्ही अंगांनी करवतीच्या पात्याने बोल्ट कापून त्याने आर्मच बाहेर काढला. उरलेला तुकडा चौकटीतल्या आट्यांत होता. त्यावर नवा नट वेल्ड करून, त्या उष्णतेच्या मदतीने त्याने तो फिरवून काढला. “आत ईझी-आऊट तुटला असता तर ड्रिलसुद्धा चाललं नसतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही विद्यार्थ्यांना नाणेघाटात नेणार होतो. नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आणि त्यातले प्राचीन अंक दाखवायचे होते. तसा बोल्ट गॅरेजात शिल्लक नव्हता. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी तोडगा सुचवला: तुकडे वेल्ड करा आणि आजचा दिवस काढा. मेस्त्रीने तुटलेल्या बोल्टचे डोके पुसून आमच्यासमोर धरले. त्यावर ८.८ असा आकडा होता. पहिला आकडा त्याची ताकद सांगतो, दुसरा तो किती ताणला असता कायमचा वाढेल ते सांगतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. आकडा राहतो, ताकद राहत नाही. “पोरं बसणारेत ना सर? मग गाडी मिळणार नाही.” सहल पुढे ढकलली. दोन दिवसांनी त्याच प्रतीचा बोल्ट आला. शेवटचा आवळ त्याने गाडी चाकांवर उभी करून दिला, कारण अधांतरी आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते.

आमच्या अभ्यासक्रमात व्यावहारिक मराठी आहे. क्रम, कारण आणि इशारा यांसह एखादी कृती समजावून सांगणे हे कौशल्य आम्ही त्यात अपेक्षितो. ते त्या तासाभरात आम्ही ऐकले, आणि तेही ज्याला अभ्यासक्रमाने टिकवून ठेवले नाही त्याच्याकडून. त्याच्या बोलण्यात इंग्रजी शब्द फार, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. १६३० साली याच मुलखात, शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु खुद्द ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि आज तो परका वाटत नाही. ‘बुश’ आणि ‘आर्म’ यांच्याभोवती ‘पीळ खातो’, ‘धरलाय’, ‘पाणी उतरतं’ अशी अस्सल मराठी क्रियापदे कामाला लागलेली आहेत. नामे उसनी आहेत. जाणीव क्रियापदांत आहे आणि ती मराठी आहे.

आम्ही त्याला वर्गात येऊन बोलण्याची विनंती केली. तो संकोचला. “लिहून देऊ का सर? पण शब्द असेच येतील.” असेच यावेत, असे आम्ही सांगितले. त्याने वहीची दोन पाने दिली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत, पण एकही पायरी पुढेमागे झालेली नाही. कृतिलेखनाचा नमुना म्हणून ती पाने आम्ही यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गात वाचायला दिली आहेत.