खिरापत

वर्तमानपत्रात हल्ली ‘खिरापत’ हा शब्द दिसला की समजावे, कोणी तरी कोणाला तरी सरकारी पैसा वाटला आहे आणि दुसरे कोणी त्यावर रागावले आहे. शब्दांचेही दिवस फिरतात. माझ्या कानांना मात्र हा शब्द अजून पितळी डब्यातून ऐकू येतो. झाकण घट्ट लावलेला डबा कोणी तरी कानाशी हलवते आहे, आतून खुळखुळ येते आहे की धपधप, यावर आम्हा दहा-बाराजणींचे सारे लक्ष लागले आहे!

कृष्णाकाठच्या आमच्या गावी याला हादगा म्हणत. पुण्याकडे नि कोकणात भोंडला म्हणतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. नावे निराळी, पण सोहळा एकाच घराण्यातला. हस्ताचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे भिंतीवर हत्तींचे चित्र लागे, त्याला फळाफुलांच्या माळा चढत. नाही तर अंगणात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. कधी एका संध्याकाळी तीन-तीन घरे. गोड की तिखट? तळलेली की भाजलेली? पांढरी की पिवळी? घरची बाई उंबऱ्यात उभी राहून नुसती मान हलवी. आम्ही हरलो की तिला कोण आनंद! साधी वाटली डाळ करणारीला आम्ही चटकन जिंकत असू. पण एकीने काकडीच्या चकत्या डब्यात भरून सबंध आळी हरवली होती, ते अजून आठवते.

माझ्या आजीचा हादगा यापेक्षा निराळा होता. तिचे लग्न तेराव्या वर्षी झाले. विहिरीपलीकडे जायचे तर सासूला विचारावे लागे. हादग्याच्या दिवसांत मात्र ती दहा घरे हिंडत असे आणि कोणी ‘का’ म्हणून विचारीत नसे. गाण्यांतून सासू-नणंदांची उणीदुणी काढायची, आणि ती ऐकायला सासूच दारात उभी! खिरापत म्हणजे बहुधा डाळे-गूळ किंवा खोबऱ्याचा तुकडा. ती सांगे, “खाण्यासाठी कोण जात होतं गं? बाहेर पडायला मिळे.” तिला जी मुभा होती तो आमचा खेळ झाला, आणि माझ्या मुलीचा तर ‘कार्यक्रम’ झाला आहे.

पण आमचा खेळ केवळ खेळ नव्हता, हे मला फार उशिरा उमगले. माझे वडील आणि चुलते यांच्यात शेताच्या बांधावरून दावा चालू होता. समोरासमोर घरे, पण दोन्ही घरच्या मोठ्या माणसांनी एकमेकांचा उंबरा वर्षानुवर्षे ओलांडला नाही. हादग्याला मात्र आळीतले कुठलेच घर वगळायचे नसते. मी मैत्रिणींबरोबर काकूच्या अंगणात जाई, फेर धरी, खिरापत ओळखी. निघताना काकू मला मागे थांबवी आणि एक छोटा डबा हातात देई. “आईला दे,” एवढेच म्हणे. आत कडबोळी असत. आई तो डबा दोन दिवस फळीवर ठेवी, आणि आमच्या घरच्या हादग्याला चुलत बहीण आली की त्यात काही तरी भरून तिच्या हाती देई. रिकामा डबा परत पाठवू नये, एवढेच कारण ती सांगे. वडिलांना हे ठाऊक असले पाहिजे. ते त्या वेळी वर्तमानपत्र जरा उंच धरून वाचत. दावा अकरा वर्षे चालला, आणि डबाही अकरा वर्षे जात-येत राहिला. वडील अंथरुणाला खिळले, त्या संध्याकाळी पहिली पेज आली ती त्याच घरून, आणि ती घेऊन काकू स्वतः आली. उंबरा कसा ओलांडायचा असा प्रश्न तिला पडला नाही. पायवाट आम्ही पोरींनी बुजू दिली नव्हती.

हे सारे मला आठवले ते न्यू जर्सीत. धाकटी बहीण तिथे असते. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते आणि दिवाळीच्या दिवसांतच ३१ ऑक्टोबर आला. तिने दाराच्या एका बाजूला पणती ठेवली होती, दुसऱ्या बाजूला कोरलेला भोपळा. अंधार पडला तशी भुते, चेटकिणी, वाघ, एक दोन वर्षांचा वाटाणा, अशी मंडळी दाराशी येऊ लागली. ‘खाऊ द्या, नाही तर खोडी काढू’ अशा अर्थाचे ठरलेले शब्द म्हणायचे आणि पिशवी पुढे करायची. मी मुठीमुठीने गोळ्या घालत होते. एकीला सवयीने मराठीतच विचारले, “ओळख बघू काय आहे?” ती माझ्याकडे बघतच राहिली.

शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई गप्पा मारायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, पूर्वी स्कॉटलंडमध्ये मुलांना या दिवशी फुकट काही मिळत नसे. दारात उभे राहून गाणे, कविता, निदान एखादा विनोद सांगावा लागे. आमच्या फेरासारखेच की! अमेरिकेत ही चाल १९३०च्या सुमारास पसरू लागली. युद्धात साखरेचे रेशनिंग आले, ते १९४७ साली उठले, आणि मग घराघरांतून तिला भर आला. बाईंच्या लहानपणी सफरचंदे मिळत, पाकात वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू मिळत, आणि कुठल्या घरचा लाडू कडक, कुठल्या घरचा चिकट, हे साऱ्या मुलांना पाठ असे.

“मग लाडू कुठे गेले?” मी विचारले.

“भीतीने खाल्ले,” त्या म्हणाल्या.

१९७४ साली टेक्ससमध्ये या सणाच्या रात्री एक मुलगा विषारी गोळीने दगावला. १९८२ साली शिकागोच्या परिसरात औषधाच्या कुप्यांत कोणी विष मिसळले आणि सात माणसे गेली. त्यानंतर घरी केलेला खाऊ लोकांनी मुलांच्या पिशव्यांतून काढून फेकायला सुरुवात केली. काही रुग्णालये तर गोळ्यांचे क्ष-किरण चित्र काढून देऊ लागली. पुढे जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी घरातून मिळालेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचे एकही उदाहरण त्याला खरे ठरलेले आढळले नाही. टेक्ससच्या मुलाला विष घालणारा परका कोणी नव्हता, तर विम्याच्या पैशांसाठी त्याच्या बापानेच ते घातले होते. पण भीतीला दाखले लागत नाहीत. बाईंच्या मुलांना फक्त कारखान्यातल्या, वेष्टनातल्या गोळ्या मिळाल्या. आणि नातवंडे? ती चर्चच्या आवारात जातात. तिथे गाड्या रांगेने उभ्या करतात, डिक्या सजवतात, आणि मुले एका डिकीपासून दुसऱ्या डिकीपर्यंत खाऊ गोळा करतात. “सुरक्षित आहे,” बाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण डिकीच्या मागे घर नसतं.”

मला हसू आले नाही, कारण आमच्या सोसायटीचा भोंडला माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सभागृह आहे, ध्वनिक्षेपक आहे, हत्ती थर्मोकोलचा आहे. खिरापत केटररकडून खोक्यांत येते, आणि तिच्यात काय आहे ते आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर कळलेले असते. ओळखायचे काय? पहिल्या मजल्यावर कोण राहते ते माझ्या मुलीला ठाऊक नाही. तिथल्या माणसांनाही तिचे नाव ठाऊक नाही.

भीतीला मी वेडी म्हणणार नाही. शिक्षिका आहे मी, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये हे दर वर्षी वर्गात शिकवते आणि शिकवत राहीन. पण अनोळखी माणूस ओळखीचा कसा होतो, हे वर्गात शिकवता येत नाही. ते उंबऱ्यावरच शिकावे लागते. मूल दारात येते तेव्हा घराला मूल कळते आणि मुलाला घर कळते. खाऊ हे त्याचे नुसते निमित्त. अमेरिकेत काय नि आपल्याकडे काय, खाऊ आपण जपला, उलट वाढवला. हरवले ते दार.

म्हणून गेल्या वर्षी, २०२५ च्या नवरात्रात, मी इमारतीतल्या बायकांपुढे एक विचार मांडला. फेर सभागृहातच धरावा, पण खिरापत सहा घरी जाऊन ओळखावी. चर्चा पुष्कळ झाली. एक आई ठाम होती, बरोबर दोन मोठ्या बायका हव्यातच. मला ते पटले. एकीने विचारले, बाहेरगावच्या कुटुंबांना यात का ओढता? त्यांना ही रीत कुठे ठाऊक? मी म्हटले, आपल्या मुलींना तरी कुठे ठाऊक आहे?

पहिल्या मजल्यावरच्या घरी बिहारमधून आलेले कुटुंब नुकतेच राहायला आले होते. त्या बाईंना मी नियम दोनदा समजावून सांगितले होते. डबा हलवला तर आतून जाड, ठक्क असा आवाज आला. शंकरपाळे? नाही. बिस्किटे? नाही. कडक बुंदीचे लाडू? नाही. गोड आहे? हो. तळलेले? हो. मुली उंबऱ्यात दाटीवाटीने उभ्या, डबा या कानापासून त्या कानाकडे चाललेला, आणि त्या बाई पदर तोंडाला लावून हसताहेत. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. शेवटी माझ्या मुलीने हार मानली. झाकण उघडले. आत ठेकुआ होता, गव्हाच्या पिठाचा नि गुळाचा. छठच्या सणाला त्यांच्याकडे करतात.

“हरलो!” मुली ओरडल्या, आणि लगेच आत शिरल्या, तो कसा करतात ते विचारायला.