तक्रार नाही

रिमांडला आणलेल्या माणसाला आमच्या कोर्टात एक प्रश्न ठरलेला असतो. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" उत्तरही जवळपास ठरलेलंच. "नाही, साहेब." ते लिहून घेतलं जातं आणि पुढचा आरोपी पुढे येतो. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर असल्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची रिमांडची कामं माझ्याकडे येतात. हे "नाही" मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. ते कुठे तयार होतं आणि कसं, हे मला चांगलं माहीत आहे. त्याबद्दल लिहायला बसले, कारण डिसेंबर २०२४ मध्ये तेच "नाही" मी विधानसभेत पुरावा म्हणून मांडलेलं ऐकलं.

आधी एका पोराबद्दल सांगते. पारधी समाजातला, नुकती विशी ओलांडलेला. गावात घरफोडी झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांची गाडी थेट यांच्या पालांवर गेली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की गाडी अजूनही त्याच वाटेने जाते. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची आई माझी वाट बघत उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या चपलांचा जोड होता.

"ताई, परवा पहाटं नेलाय त्याला. कागदावर कालची तारीख टाकलीय म्हणत्यात."

यात नवीन काही नव्हतं. माणूस उचलतात एका दिवशी आणि अटक 'दाखवतात' दुसऱ्या दिवशी. कायद्याने चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं, ते चोवीस तास मग कागदावरच्या वेळेपासून मोजले जातात. मधल्या रात्री तो माणूस कुठेच नसतो. स्टेशन डायरीत नाही, अटकेच्या पंचनाम्यात नाही. मारहाण होते ती याच रात्री.

मी तिला विचारलं, चपला कशाला धरल्यात? म्हणाली, "द्यायला गेले तर त्याच्या पायात जाईनात."

पोराला आत आणलं तेव्हा मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर उभा होता. पूर्ण पाऊल फरशीला टेकवत नव्हता. दोन पावलं चालायला त्याने बाकाचा आधार घेतला. त्याला आणणारा हवालदार त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि तपासी अंमलदार सरकारी वकिलांच्या मागे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, तक्रार आहे का? पोराने हवालदाराच्या बुटांकडे बघत सांगितलं, "नाही, साहेब."

पोलिसांनी सात दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला होता. म्हणजे प्रश्नाचं उत्तर काहीही दिलं तरी संध्याकाळी त्याला त्याच लॉकअपमध्ये, त्याच माणसांच्या ताब्यात परत जायचं होतं. कोर्टात येताना गाडीत काय सांगितलं जातं हे मला अनेक अशिलांनी नंतर जामिनावर सुटल्यावर सांगितलं आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, अर्थ तोच: काय बोलायचंय ते बोल, रात्री आपण आहोतच. आता तर ही भीती लांबली आहे. जुन्या कायद्यात पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ते पंधरा दिवस तुकड्यातुकड्याने, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूससुद्धा निर्धास्त होत नाही. पोलीस पुन्हा ताबा मागू शकतात हे त्याला कोठडीतले जुने लोक पहिल्याच दिवशी सांगतात.

मी उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, त्याचे तळवे बघावेत. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. आरोपीची स्वतःची तक्रार नाही, वैद्यकीय तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. कागद होता. सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा, एका ओळीचा: अंगावर ताजी जखम नाही.

त्या तरुण मॅजिस्ट्रेटने त्या दुपारी जे केलं ते मी पुढे अनेक न्यायाधीशांना सांगत आले आहे. त्याने सगळ्या पोलिसांना बाहेर जायला सांगितलं. तो स्वतः, मी, स्टेनो आणि पोरगा एवढेच आत राहिलो. मग प्रश्न विचारण्याआधी त्याने सांगितलं, "पोलीस कोठडी मी नाकारतोय. तुला आज तिकडे परत जायचं नाही. तुरुंगात जाशील." आधी उत्तराची किंमत काढून टाकली आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग बोलायला लागला तो थांबेना. टेबलावर पालथा घातला होता, दोघांनी पाय धरले होते, पट्ट्याने तळव्यांवर मारत होते आणि मधूनमधून उठवून जागेवर उड्या मारायला लावत होते. उड्या कशासाठी, असं साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, "सूज बसावी म्हणून."

साहेबांनी सिव्हिल सर्जनकडून फेरतपासणीचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी त्याच हॉस्पिटलातून दुसरा कागद आला: दोन्ही तळव्यांना सूज, मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर काळेनिळे वळ. पहिल्या कागदावर डॉक्टरची सही होती, दुसऱ्यावरही होती. फरक एवढाच की पहिल्या तपासणीच्या वेळी हवालदार पडद्याच्या आत उभा होता.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलंच नाही. तक्रार नोंदवून घेतली, चौकशी शेजारच्या उपविभागातल्या एका अधिकाऱ्याकडे गेली. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज मी लेखी मागितलं. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपा असं बजावलं आहे. मला उत्तर आलं, तांत्रिक बिघाडामुळे त्या कालावधीचं फुटेज उपलब्ध नाही. दिवाळी झाली आणि ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. जबाबाचे समन्स रिकाम्या पालांवर जाऊन परत आले. संबंधितांची बदली झाली. गावात त्या पोरासाठी कोणी मोर्चा काढला नाही. चहाच्या टपरीवर मी ऐकलं ते एवढंच की "त्यांना तीच भाषा कळते." ते म्हणणाऱ्यांत शिकलेली माणसं होती, एक शिक्षक होते. मला त्याची चीड आजही आहे.

म्हणून परभणीला माणसं रस्त्यावर आली तेव्हा त्या रागाला हुल्लडबाजी म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटलं नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं. दगडफेक आणि जाळपोळ झाली, तिचं समर्थन मी करत नाही. पण त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांमध्ये घुसून धरपकड केली. घरातून ओढून काढलेल्या बायकांच्या अंगावरचे वळ लोकांनी मोबाइलमध्ये टिपले. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. छत्रपती संभाजीनगरमध्ये झालेल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं.

आणि मग मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की, मॅजिस्ट्रेटनी विचारलं तेव्हा सोमनाथने मारहाण झाली नसल्याचं सांगितलं होतं. मी तेव्हा बार रूममध्ये होते. कोणाच्या तरी मोबाइलवर ते भाषण चालू होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर तळव्यांच्या कडांवर उभा असलेला पोरगा आला. कायद्याचा विद्यार्थी, ज्याला आपले हक्क पुस्तकातून पाठ, तोही त्या क्षणी "नाही" म्हणाला असेल तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे रिमांडच्या कोर्टात आठवडाभर बसलेला कोणीही सांगू शकेल. वेदना लपवायला भाग पाडलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं उत्तर त्याच्याच मृत्यूनंतर त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. मला याहून मोठा अन्याय सुचत नाही.

ते प्रकरण तिथेच मिटलं नाही याचं कारण रस्त्यावरचा राग होता, आणि सोमनाथची आई विजयाबाई होत्या. त्यांनी सरकारी मदतीचा धनादेश नाकारला. जानेवारीत परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा ४ जुलै २०२५ चा आदेश लागला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे ३० जुलैला हरलं. नीट बघा: कोणाला शिक्षा व्हायची गोष्टच नव्हती, नुसता एफआयआर लिहून घ्यायचा होता. साध्या मारामारीत जो तासाभरात लिहिला जातो, त्यासाठी एका आईला साडेसात महिने आणि देशातलं सर्वोच्च न्यायालय लागलं.

राग कायदा बदलू शकतो हे याच महाराष्ट्राने एकदा दाखवलं आहे. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिला देश मथुरा या नावाने ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. ठाण्याच्या आत, रात्री, दोन पोलिसांसमोर एकट्या मुलीने आरडाओरडा केला नाही म्हणजे तिची संमती होती, असा तो हिशेब. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका शहराशहरांत रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं. ताब्यातल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने ते गृहीत धरायचं.

मारहाणीबद्दल असंच कलम आणा, असं विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात १९८५ सालीच सुचवलं होतं. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झाला तर ती जखम ताब्यात ठेवणाऱ्या पोलिसाने केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं. त्याने केली नसेल तर ते त्याने सिद्ध करावं. ते कलम कधीच आलं नाही. २०२३ मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला, तेव्हाही नाही. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता आजवर दिलेली नाही. मोर्चांमध्ये मी निलंबनाच्या मागण्या ऐकते. निलंबन होतं, लोक पांगतात, काही महिन्यांनी तोच अधिकारी दुसऱ्या ठाण्यात रुजू होतो. निलंबनाऐवजी हे कलम मागितलं गेलं असतं तर माझ्या पारधी पोराचे तळवे पुरेसे होते. त्याला ऊस सोडून साक्षीला यावं लागलं नसतं.

आता प्रत्येक रिमांडला मी लेखी अर्ज देते. आरोपीला प्रश्न पोलीस बाहेर गेल्यावर विचारावा, वैद्यकीय तपासणी पोलिसांच्या गैरहजेरीत व्हावी, ठाण्याचं फुटेज जपून ठेवण्याचा आदेश आजच व्हावा. काही न्यायाधीश मान्य करतात. काही म्हणतात, "आरोपी स्वतः नाही म्हणतोय ना मॅडम, मग?"

परभणीच्या मोर्चाला जाऊन आलेली आमच्या गावातली काही पोरं मध्यंतरी माझ्याकडे आली. पत्रक लिहून द्या म्हणाली. मी लिहून दिलं, आणि सांगितलं की सोमवारी दुपारी कोर्टात येऊन बसा. कोर्ट उघडं असतं, परवानगी लागत नाही. ती आली, मागच्या बाकांवर बसली. हवालदाराने त्यांना दारातच विचारलं, तुमची केस कोणती? एकाने उत्तर दिलं, "कोणतीच नाही, बघायला आलोय." हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्या दुपारी आलेल्या सगळ्या आरोपींनी "नाही, साहेब" असंच सांगितलं. पोरांनी वहीत प्रत्येकाचं ठाणं, अटकेची कागदावरची वेळ आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ लिहून घेतली. पुढच्या सोमवारी ती परत येणार आहेत.