वढवाण्याचे वारकरी

फाल्गुन लागला, की डभोईजवळच्या वढवाणा तलावावर एक सकाळ घालवायची, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. यंदा दहा वर्षांचा नातू बरोबर होता. दुर्बीण त्याच्या गळ्यात आणि शिदोरी माझ्या खांद्यावर, अशी कामाची वाटणी आपोआपच झाली.

हा तलाव मानवनिर्मित. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत, १९१० च्या सुमारास, ओरसंग नदीचे पाणी वळवून तो शेतीसाठी बांधला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात पिके होती. पाखरे निमंत्रणावाचून आली. २०२१ साली रामसर यादीत त्याचे नाव गेले, ते मात्र या आगंतुकांच्या पुण्याईने. माझे आजोबाही त्याच गायकवाडीत चाकरीसाठी साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले.

बांधाखाली पट्टकादंब चरत होते. पांढऱ्या डोक्यावर काळ्या दोन पट्ट्या. थोड्याच दिवसांत ते हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातील. मधूनच सारा थवा उगाच उठे, एक फेरी घेई आणि पुन्हा उतरे. दारात टांगा येण्यापूर्वी घरात जी चुळबुळ असते ना, तशी.

पलीकडे काळ्या पाखरांचा मेळा होता. चोच आणि कपाळ तेवढे पांढरेशुभ्र.

"हे वारकरी," मी म्हणालो, "कपाळावरचे गंध पाहिलेस?"

दुर्बीण न काढताच तो म्हणाला, "आजोबा, आ तो भगतडुं छे!"

घरात मराठीच बोलायचे, हा दंडक माझा. तो हळूहळू मोडला, याची खंतही माझीच; मुलाला आणि सुनेला ती फारशी जाणवत नाही. मी काही बोलणार, तोच त्याने विचारले, "पण वारकरी म्हणजे काय?"

मी आषाढी सांगितली, दिंडी सांगितली, टाळ, पताका, चंद्रभागा सांगितली. सांगताना ध्यानात आले, की ती वाट मी तरी कुठे चाललो आहे? तीही माझ्या आजीकडून ऐकलेलीच.

त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे भगतच ना?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात वरून एका शिकारी पक्ष्याची सावली गेली आणि सारे वारकरी पाण्यावर पाय आपटीत धावत सुटले. तो खदखदून हसला.

परतताना नोंदवही त्याने मागून घेतली. आजवर तिच्यात माझेच अक्षर होते. त्याने गुजरातीतून, वरची रेघ न ओढता, सावकाश लिहिले : वारकरी. आणि संख्येच्या रकान्यात : घणा बधा.