मुक्कामाचं काय?

कारंजा (लाड), जि. वाशिम
८ डिसेंबर २०२५

चि. छकुली,

तुझा निबंध पवईच्या आयआयटीतल्या परिषदेत घेतला हे वाचून आनंद झाला आणि त्याच मेसेजमधलं पुढचं वाक्य वाचून राग आला. राहायचं परवडत नाही म्हणून ऑनलाइन वाचू का, असं म्हणे तू संयोजकांना विचारणार आहेस. असलं काही विचारू नको. पडद्यावरून वाचणाऱ्याचा निबंध लोक ऐकून घेतात आणि चहाला निघून जातात. परिषदेत जे मिळायचं ते त्या चहाच्या वेळीच मिळतं.

राग तुझा नाही, त्या यादीचा आला. संयोजकांनी पाठवलेली ‘परिसरातील हॉटेल्स’ची यादी मी पाहिली. तलावाकाठची तारांकित हॉटेलं, हिरानंदानीतली सर्व्हिस अपार्टमेंटं. ज्यांचा टीए-डीए कॉलेज भरतं, त्यांच्यासाठी ती यादी आहे. तू सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. राज्यातले चारच जिल्हे त्या यादीत आले, त्यातला एक आपला. त्यामुळे ग्रामीण विकासाची परिषद म्हटली की कुणाच्या ना कुणाच्या स्लाइडवर वाशिमचा नकाशा येतोच. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर आईबाप ऊसतोडीला गेले की मुलींच्या शाळेचं काय होतं, हे तू घरोघरी फिरून लिहिलंस. ते ऐकायला सभागृह भरेल, पण लिहिणारीला दोन रात्री टेकायला जागा नाही. निबंध निवडणारी समिती एक असते आणि हॉटेलांचे दर ही तिच्यावरची दुसरी समिती. ही दुसरी कोणाला कळवत नाही, नुसती गाळते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे संयोजकांना आजच ईमेल कर आणि त्यात आडपडदा ठेवू नको. मी तासिका तत्त्वावर शिकवते, प्रवासखर्च मिळत नाही, दोन रात्रींची सोय हवी, दुसऱ्या प्रतिनिधीबरोबर खोली वाटून घ्यायला तयार आहे, असं सरळ लिही. आयआयटीच्या आवारात वनविहार आणि जलविहार ही अतिथिगृहं आहेत. तिथली खोली बाहेरच्याला परस्पर मिळत नाही, तिथल्या प्राध्यापकाच्या नावावर मिळते. म्हणून हे काम संयोजकांनीच करायचं असतं आणि मागणाऱ्यासाठी ते बहुतेक करतात. न मागणाऱ्यासाठी कोण करील? परिषद मे-जूनमध्ये असती तर होस्टेलं रिकामी असती. फेब्रुवारीत मुलं असतात, त्यामुळे तिथे फार आशा धरू नको. पण खोली दोघींत वाटून घ्यायची गोष्ट मात्र लिहीच. दोघींच्या खोलीचा दर एकटीच्या दुप्पट कधीच नसतो, आणि तुझ्यासारखीच कुणी नांदेडहून, कुणी धुळ्याहून येणारी असेल, तीही आत्ता अशीच बोटं मोडत बसली असेल.

आता समज, त्यांच्याकडून नकार आला. तुझे बाबा लगेच आमदार निवासाचं काढतील. वऱ्हाडातल्या माणसाचं मुंबईतलं ते जुनं माहेर. आमदाराचं पत्र घ्यायचं आणि खोलीत आधीच झोपलेल्या सहा जणांत सातवं व्हायचं. त्यातलं मनोरा तर २०१९ मध्ये पाडलंच. (आपल्या मानोऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी तिकडची मंडळी हक्काने जात.) आकाशवाणीजवळचं आहे. पण बाबांना सांग, ते मंत्रालयात काम घेऊन जाणाऱ्या पुरुषांचं ठिकाण आहे. एकट्या मुलीने निबंध वाचायच्या आदल्या रात्री जावं असं नाही.

आई बदलापूरच्या नानांकडे जा म्हणेल. नाना-मामी जीव लावतील यात शंका नाही. पण वन बीएचके, त्यात त्यांची थोरली बारावीला, आणि बोर्डाची परीक्षा नेमकी १० फेब्रुवारीपासून. तू गेलीस तर त्या पोरीची अभ्यासाची खोली जाईल आणि मामी तोंडाने काही बोलणार नाहीत. शिवाय बदलापूरहून सकाळची लोकल. आपल्याकडे पोहरादेवीच्या यात्रेत जीपला लोंबकळणारी माणसं तू पाहिलीस, तरी त्या लोकलची कल्पना यायची नाही.

मुंबईत जागा बघताना नुसतं नकाशावरचं अंतर बघू नये, गर्दी कोणत्या दिशेला वाहते ते आधी बघावं. सकाळी सगळी माणसं दक्षिणेकडे चाललेली असतात आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततात. पवईला जायचं म्हणजे कांजूरमार्गला उतरायचं. कल्याण-डोंबिवलीत स्वस्त खोली घेतलीस, तर सकाळी गर्दीबरोबर जावं लागेल आणि संध्याकाळी गर्दीबरोबरच परतावं लागेल. दादरला राहिलीस तर दोन्ही वेळा उलट्या दिशेने. कांजूरमार्ग दादरपासून साधारण सोळा किलोमीटर, स्लो लोकलने अर्धा तास, लेडीज डब्यात बसायला जागा, पुन्हा एकदा निबंध वाचून होईल. फास्ट गाडी पकडू नको, ती कांजूरला न थांबता पुढे निघून जाईल. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलीस की आयआयटीच्या गेटपर्यंत बस किंवा रिक्षा. ॲपवर ‘पवईजवळ’ म्हणून जी हॉटेलं स्वस्तात दिसतात ती पुष्कळदा साकीनाक्याच्या गल्ल्यांतली असतात. अंतर थोडं, पण त्या रस्त्याला सकाळी दहा वाजता वाहनं चालत नाहीत, सरकतात.

पण दादरच्या लॉजचंही एक सांगते. मी कॉलेजात नवीन असताना तिथल्या एका लॉजच्या काउंटरवर उभी होते. मागे प्लायवूडवर किल्ल्या ओळीने टांगलेल्या, निम्म्याहून जास्त हुकांवर किल्ल्या होत्या, म्हणजे खोल्या रिकाम्या. मॅनेजरने माझ्या मागे पाहिलं.

“मॅडम, बरोबर जेन्ट्स कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग रूम नाही.”

“आणि जेन्ट्स असता तर?”

“तर मॅरेज सर्टिफिकेट लागेल.”

आता हसू येतं. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. परतीचं तिकीट होतं म्हणून स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात रात्र काढली, आणि सकाळी नळावर तोंड धुऊन निबंध वाचला. अशी लॉजं आजही आहेत. ॲपवर पैसे भरले तरी काउंटरवर नाही म्हणतात. म्हणून आधी लॉजवर फोन कर. एकटी बाई आहे, वाशिमचं आधार कार्ड आहे, चालेल का, असं स्पष्ट विचार आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव. दुसरा प्रश्न चेक-इनचा. तुझी गाडी पहाटे पोचणार आणि पुष्कळ ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते. ‘चोवीस तास’ पद्धतीचं लॉज निवड, म्हणजे सकाळी साडेसहाला शिरलीस तर दुसऱ्या सकाळी साडेसहापर्यंत एक दिवस. ते मिळालं नाही तर सामान क्लोकरूमला टाकायचं. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. बिलावरही नजर ठेव. या सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, १२ नाही.

बायकांसाठी भरवशाच्या जागा मुंबईत आहेत, पण बहुतेक दक्षिणेला. मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं अतिथिगृह, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या रस्त्यावरचं साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाऊस. दुसऱ्या ठिकाणी परदेशी पोरं पाठीवर बोचकी घेऊन उतरतात. ताजच्या सावलीत ताजच्या दराशिवाय झोपता येतं, हे त्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही! मुंबई सेंट्रलला रेल्वेने २०२१ मध्ये पॉड काढले, माणूसभर लांबीची कपाटंच म्हण ना. सुरू झाले तेव्हा बारा तासांना ९९९ रुपये होते. बायकांचा भाग वेगळा आहे. पण ते पश्चिम रेल्वेवर, दादरला गाडी बदलावी लागेल. एका रात्रीची अडचण निघेल, दोन रात्री मी तरी काढणार नाही.

धर्मशाळांचंही तुझ्या मनात येईल. आपल्या गावचे जैन व्यापारी सी. पी. टँकच्या हिराबागेत उतरायचे. शेठ माणिकचंद हिराचंदांनी वडिलांच्या नावाने बांधलेली ती धर्मशाळा. आणि दादरला गाडगे महाराजांची आहे. अमरावतीकडचा हा माणूस स्वतः कुठेही पडून राहायचा आणि दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधत सुटला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पण दादरच्या धर्मशाळेत तू विचारूसुद्धा नको. तिथे टाटा हॉस्पिटलचे रुग्ण राहतात, महिना-महिना. केमोसाठी वाशिमहूनही माणसं जातात. त्यातली एक खाट दोन रात्रींसाठी अडवायची नाही.

आपल्या लोकांचं माप म्हणजे शेगाव. कुठेही खोली पाहिली की आपण ती भक्तनिवासाशी ताडतो. चादर पांढरी आहे का, बाथरूम कोरडं आहे का, दर फळ्यावर लिहिलेला आहे का. संस्थानाने पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर इथे सोय केली, मुंबईत नाही. तुमच्या संयोजकांना कुणीतरी सुचवायला हवं की पुढची परिषद शेगावला घ्या. मग बघू, तलावाकाठच्या हॉटेलांची सवय झालेले किती जण येतात आणि सीएचबीवाले किती येतात.

परवाच ६ डिसेंबर झाला. आपल्या गल्लीतूनही मंडळी चैत्यभूमीला गेली होती. दरवर्षी शिवाजी पार्कवर महापालिका मंडप घालते, पाणी, संडास, दवाखाना, फोन चार्ज करायची सोय. २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस नेमका त्या दिवसांत आला, तेव्हा पालिकेच्या शाळा उघडून माणसांना आत घेतलं. लाखो माणसांची दोन-तीन रात्रींची सोय हे शहर करतं. दोनशे प्रतिनिधींपैकी वीस जणांची करता येत नाही असं कुणी म्हटलं तर माझा विश्वास बसणार नाही.

आमच्या वेळी शिक्षकांच्या अधिवेशनाला शाळेचे वर्ग मिळायचे. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या टाकायच्या, फळ्यावर जिल्ह्याचं नाव. घोरण्यावरून भांडणं व्हायची. थाट नव्हता हे खरं, पण म्हणून मी त्याचे गोडवेही गाणार नाही. संडासांचे हाल असायचे, बायकांचे तर विचारू नको. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला गांधी रिपन कॉलेजात उतरले होते, लोकमान्यही त्याच इमारतीत. तिथल्या संडासांची अवस्था पाहून गांधींनी स्वयंसेवकांना सांगितलं, तर ते म्हणाले हे आमचं काम नाही. तेव्हा त्यांनी झाडू मागून घेतला. फुकटात सोय असली तरी ती कोण झाडतं हे विचारावंच लागतं. म्हणून स्वस्त जागा बघताना मी आधी बाथरूमचा फोटो मागते, पलंगाचा नाही.

हिशेब असा बसतो. परिषद ११ ते १३ फेब्रुवारी, तुझा निबंध १२ ला. १० च्या रात्री अकोल्याला अमरावती-मुंबई गाडीत बसलीस की ११ ला सकाळी दादर. १३ ला शेवटचं सत्र संपवून रात्री आठच्या सुमारास परतीची गाडी. तीन दिवसांच्या परिषदेला दोनच रात्रींचं भाडं. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे येत्या शुक्रवारी, १२ तारखेला. सकाळी आठलाच बस, जाण्याचं काढून ठेव, परतीचं सोमवारी उघडेल. खालचा बर्थ माग, पोस्टरची नळी सीटखाली ठेवता येते.

संयोजकांचं उत्तर आठवड्यात आलं नाही तर फोन कर, ईमेलची वाट पाहू नको. नकार आला तर मला कळव. दादरच्या दोन ठिकाणांचे नंबर माझ्याकडे आहेत, दोन्हीकडे मी स्वतः एकटी राहिले आहे. पैशांचं आईला बोलू नको, आपण दोघी बघू. आणि निबंधाचा मसुदा पाठव. पंधरा मिनिटांत तू तो वाचून संपवत नाहीस, मला माहीत आहे, तक्त्यांचं अर्धं पान तरी कापावं लागेल.

तुझी,
मावशी